बुचाचा वास

तापातून उठल्यापासून नानांच्या नाकाला कसलाच वास येत नव्हता. तीस वर्षं ते एकाच हॉटेलात वाइन वाढत होते. ही गोष्ट मालकाच्या कानावर गेली, तर नोकरी गेलीच म्हणायची. म्हणून त्यांनी घरीसुद्धा चकार शब्द काढला नव्हता.

आज नेमके वर्तमानपत्रात वाइनवर लिहिणारे साहेब आले आणि त्यांनी ताजी फ्रेंच व्हाइट वाइन मागवली.

"हिच्याबरोबर काय चांगलं लागेल, नाना?"

"लिंबू पिळलेला भाजका मासा आणि बकरीच्या दुधाचं चीज." नानांना हे तोंडपाठ होतं. मग वाइन बिघडलेली नाही ना हे पाहायला रिवाजाप्रमाणे त्यांनी बूच हुंगलं, समाधानानं हसले आणि घोटभर वाइन साहेबांच्या पेल्यात ओतली.

साहेबांनी पेला नाकाशी धरून डोळे मिटले. "वा! हिरव्या सफरचंदाचा काय सुगंध आहे!"

नानांचा जीव भांड्यात पडला.

जेवण आटोपल्यावर उरलेली बाटली आत गेली, तेव्हा आचारीणबाईंनी नाकाला पदर लावला. "अहो नाना, हिला ओल्या पोतेऱ्याचा वास मारतोय! नाक काय गहाण ठेवलंत?"

नाना तसेच धावत बाहेर आले. "साहेब, माफ करा, ते नाक..."

साहेबांनी घाईघाईनं त्यांचा हात दाबला.

"हळू बोला, नाना! माझं नाक गेलंय हे तुम्ही ओळखलंत, पण कुणाला सांगू नका. तुम्ही बूच हुंगून हसलात, त्याच भरवशावर उद्याचा लेख आत्ताच छापायला पाठवलाय."