निरुपद्रवी अफवा

मंदासी, म्हणजे मैद्याचे गोड गोळे, तळणाऱ्या नाम्वाले मावशींच्या कढईपाशी तियांजाने ही कॉलेजातली मुलगी उकिडवी बसली. आपली अफवा कुठवर पोचली आहे, ते तिला ऐकायचं होतं.

उपयोजित मानसशास्त्राच्या वर्गाला दिलेलं काम होतं ते. बाजारात एक अफवा सोडायची आणि काही दिवसांनी ती कशी बदलून परत येते ते पाहायचं. अट एकच, अफवेमुळे कुणाचं वाईट होता कामा नये. तियांजानेनं फार विचार करून अगदी गरीब अफवा निवडली होती: हिरवी छत्री घेतलेला एक माणूस गावात फिरतो आणि रिकाम्या बाटल्या चांगल्या भावानं घेतो. विद्यापीठातले सर खूश झाले होते. पुस्तकातल्या विद्येला पाय फुटले पाहिजेत, असं ते नेहमी म्हणत.

पाय चांगलेच फुटले होते.

"का हो मावशी, तो बाटल्यावाला आला होता का इकडे?"

"हळू बोल की बये!" मावशींचा झारा थांबला. "रिकाम्या बाटल्या नेतो, त्या कशानं भरायला, ते विचार. झोपलेल्याच्या दंडाला सुई लावतो मेला. सकाळी माणूस उठतं ते निम्मं होऊन."

तियांजानेला हसू आवरेना. पैकीच्या पैकी गुण कुठे गेले नव्हते. तेवढ्यात मिनीबसच्या थांब्याकडून ओरडा ऐकू आला आणि गिऱ्हाइकं हातातली मंदासी तशीच घेऊन तिकडे धावली. तीही धावली.

पन्नाशीचा एक माणूस भिंतीला पाठ लावून उभा होता. काखेत मिटलेली हिरवी छत्री.

"अहो, मी म्झुझू शहरातला. लेकीकडे आलोय. बाळ झालंय तिला," तो अदबीनं तळवे वाजवत पुन्हा पुन्हा सांगत होता.

कुणीतरी त्याची पिशवी उपडी केली. बाळाची टोपी पडली, बाळ पाठीशी बांधायचं कापड पडलं आणि पाण्याची एक रिकामी बाटली गडगडत गेली.

"बाटली! बघा, बाटली!"

चार-पाच पोरं विटांच्या ढिगाकडे वळली.

"थांबा! खोटं आहे ते!" ती गर्दीत घुसत किंचाळली. "मी रचलंय! कॉलेजचा अभ्यास होता! सोमवारी मीच सांगितलं नाम्वाले मावशींना. विचारा त्यांना!"

मावशी धापा टाकत मागोमाग आल्याच होत्या. सगळी गर्दी त्यांच्याकडे पाहू लागली. मावशींनी तियांजानेला मायेनं जवळ ओढलं आणि तिच्या पाठीवरून तेलकट हात फिरवला.

"भ्यालंय लेकरू. हा आपलं काही बरंवाईट करेल म्हणून खोटं बोलतंय," त्या लोकांना म्हणाल्या. "मी पाहिलंय ना याला, माझ्या या डोळ्यांनी. आमच्या दाराशीच उभा होता. बाटली अर्धी भरली होती."