चाळीस घमेली

भूगर्भशास्त्राच्या उन्हाळी शिबिरातली पोरं यंदा त्यांच्यातल्याच रत्नाच्या वस्तीमागचा डोंगर चढली. उतारावरची भेग रुंदावत गेली की डोंगर सरकतोय असं समजायचं, सर हे तिथंच मोजून दाखवणार होते. पण तिनं सांगितलेली भेग सापडेचना. मागून तिचा बा धापा टाकत आला. "बुजवली म्या, सायेब. दर साली बुजवतो, ढोरांचा पाय अडकतो." पोरं हसली. सरांनी वैतागून टेप गुंडाळायला घेतला. रत्नाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग एकदम आठवलं, लहानपणी दर उन्हाळ्यात याच भेगेसाठी तीच डोक्यावरून माती वाहायची. दोन घमेली पुरायची. "बा, औंदा किती घमेली लागली?" "गेल्या साली धा. औंदा चाळीस टाकली बग." टेप सरांच्या हातातच राहिला. खाली वस्तीतल्या चुली पेटल्या होत्या. बा हसला. "काळजी नगं, सायेब. पावसाआदी आनखी धा टाकतो."