दोघांचा स्वयंपाक

"त्या घरी जाताय?" टोफूवाल्या मासुकोबाईंनी पिशवीला गाठ मारता मारता विचारलं. "जा, पण मनाची तयारी ठेवा. तोमिए आजी राहते एकटी आणि स्वयंपाक करते दोघांचा."

"दोघांचा?"

"नवऱ्याचं ताट मांडते हो, रोज. इवाओ मालकांना जाऊन किती वर्षं झाली! गेलेल्याच्या फोटोपुढे भाताची वाटी ठेवतो आपण सगळेच. ही जेवायच्या टेबलावर मांडते. समोर बसायला गादी, बाजूला जेवायच्या काड्या. आम्ही आपलं बघून न बघितल्यासारखं करतो."

फरामर्झने पिशवी घेतली. मासुकोबाईंनी त्याला ओळखलं नाही, आणि ओळखणार तरी कसं? इथून गेला तेव्हा तो इवाओ मालकांच्या किटल्यांच्या भट्टीत कामाला असलेला, इराणातून आलेला काटकुळा, दाट केसांचा पोरगा होता. आता टक्कल, पोट, चष्मा आणि ओसाकात टायरचं दुकान. रस्ता त्याला पाठ होता. टोफू घेतलं ते केवळ पाय पुढे पडेनात म्हणून.

बाजारातली निम्मी दुकानं बंद होती. पुलापलीकडे मालकांचं घर मात्र तसंच होतं. ओतीव लोखंडाच्या किटल्या जिथे बनायच्या, त्या शेडला कुलूप होतं. भिंतीला एक सायकल टेकवलेली होती. तो तिच्यापाशी थांबला. हीच सायकल तो स्टेशनवर टाकून पळाला होता.

आजीने दार उघडलं.

"मी रेझा," तो म्हणाला. "फरामर्झचा मित्र."

हे खोटं तोंडातून कसं निघालं ते त्याचं त्यालाच कळलं नाही. गाडीत बसल्यापासून त्याने वेगळंच वाक्य घोकलं होतं.

आजी डोळे बारीक करून बघत राहिली. तिची नजर अधू झाली होती. "या, आत या. मला बाई तुम्ही परदेशी सगळे सारखेच दिसता."

आतल्या खोलीत देव्हाऱ्यात मालकांचा फोटो होता. त्याच्यापुढेही भाताची वाटी होती. इकडे बुटक्या टेबलावर फडक्याने झाकलेलं एक ताट आणि समोर रिकामी गादी. मासुकोबाईंचं खरं होतं तर. फरामर्झने तिकडे बघायचं टाळलं.

आजीने हिरवा चहा ओतला. पूर्वी तो साखरेचा खडा दातांत धरून हा चहा प्यायचा, आणि मालक सगळ्यांना हाका मारून दाखवायचे, "बघा, बघा! हा चहा पितोय की साखरेला आंघोळ घालतोय?" साखर मागायचं अगदी ओठांवर आलं. मागितली असती तर तिथेच पकडला गेला असता. त्याने कडू घोट तसाच गिळला. आजी त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"फरामर्झने माफी मागितलीय," तो म्हणाला.

"अस्सं. त्याला स्वतःला पाय नाहीत का?"

"लाज वाटते त्याला. त्या दिवशी किटल्या पार्सलला टाकायला गेला तो. संध्याकाळपर्यंत येतो म्हणाला होता. स्टेशनबाहेर परदेशी लोकांचे कागद तपासत होते आणि त्याच्या व्हिसाची मुदत कधीच संपली होती. समोर आली त्या गाडीत चढला. मग कळलं की त्याला ठेवून घेतलं म्हणून मालकांची चौकशी झाली, भट्टी बंद पडली. पुढे लग्न झालं, कागद नीट झाले. पण आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिला."

"भट्टी बंद पडली, हे खरं," आजी म्हणाली. तिने ते सौम्य करून सांगितलं नाही. "हे रोज संध्याकाळी स्टेशनवर जाऊन बसायचे. बर्फात सुद्धा. मी म्हणायची, पोराला पकडून नेलं असेल. हे म्हणायचे, पकडला असता तर सायकलीला नीट कुलूप लावून गेला असता का?"

फरामर्झची मान खाली गेली. कुलूप त्याने लावलं होतं. चावीही अजून त्याच्याकडे होती.

"मालकांनी त्याला माफ केलं असतं का?"

"ते मी कसं सांगू? त्यांनाच विचारा."

तो देव्हाऱ्यापुढे बसला. त्याने उदबत्ती लावली. काय विचारणार? आपण मालकांची भट्टी विझवली, वर ह्या बाईचं डोकंही फिरवलं, की ती आता मेलेल्या नवऱ्याला रोज जेवायला बसवते. त्याला रडू आवरेना. खरं सांगायची हिंमत मात्र आताही होईना. आपण भेकड म्हणून गेलो आणि भेकड म्हणूनच परत आलो, असं त्याला वाटलं.

डोळे पुसून तो उठला. "येतो मी. गाडी चुकेल."

तेवढ्यात बाहेर गावच्या भोंग्यांवर रोजची संध्याकाळी पाचची धून वाजली. ही धून ऐकली की पूर्वी सगळे हातातलं काम टाकायचे.

"झाली संध्याकाळ," आजी म्हणाली. "बसा." तिने ते झाकलेलं ताट उचललं. "निवलं असेल. गरम करून आणते."

ती परत आली आणि ताट त्याच्याच पुढ्यात ठेवलं. तो दचकून मागे सरला. "आजी, हे मालकांचं..."

"त्यांचं तिकडे आहे, देव्हाऱ्यात. मी काय वेडी आहे?" आजी म्हणाली. "घरचं माणूस बाहेरगावी असलं की हे असं मांडतात. कुठेही असलं तरी उपाशी राहू नये म्हणून. खाऊन घे."

तिने फडकं काढलं. वाफाळता भात होता, भाजलेला मासा होता, मुळ्याचं लोणचं होतं, आणि चहाच्या पेल्याशेजारी बशीत साखरेचे दोन खडे.