यंत्राच्या गळ्यात उरलेलं

"सातशे चौदा," तपासनीस बाईंनी खोक्याचा नंबर पुन्हा वाचला. "या खोक्यातलं मांस दूषित निघालंय. तुमच्याकडे त्याचा खिमा कधी झाला?"

मास्तरांनी यंत्राशेजारच्या खिळ्यावरची वही काढली. बावीस वर्षं ते या काउंटरवर खिमा करत होते. कुठल्या खोक्यातलं मांस किती वाजता यंत्रात घातलं, किती पाकिटं झाली, यंत्र कधी धुतलं, सगळं नेमाने लिहीत. अक्षर मोत्यासारखं, म्हणून दुकानात सगळे त्यांना मास्तर म्हणत.

"गुरुवारी. सव्वादहा ते पावणेअकरा. बेचाळीस पाकिटं. अकराला यंत्र धुतलं."

पाकिटं बांधणाऱ्या मावशींनी यादी पुढे सरकवली. सकाळपासून गिऱ्हाइकांना फोन करून त्यांचा घसा बसला होता. "बेचाळीसच्या बेचाळीस लागली हाताला. कुणाची फ्रीजरमध्येच होती, कुणी कचऱ्यातून काढून दिली. एका आजोबांनी तर कुत्र्याच्या तोंडातून ओढून आणलं."

तपासनीस बाई पहिल्यांदाच हसल्या. "बाकीच्या दुकानांत अर्ध्या ओळी कोऱ्या असतात. तुमची वही दाखवायला न्यावी म्हणते."

"न्या बाई, पण मास्तरांना आता सोडा," मावशी म्हणाल्या. "नात रविवारपासून दवाखान्यात आहे. चार वर्षांचं लेकरू. पोट बिघडल्याचं निमित्त झालं न् आता लघवीच होत नाहीये. कशाने झालं ते डॉक्टरांनाही उमगेना. मी म्हटलं, येऊ नका कामावर. ऐकतील तर ना."

"एवढं एक विचारते, मग जा," तपासनीस बाईंचा आवाज खाली आला. "पावणेअकराला खिमा संपला, अकराला यंत्र धुतलं. मधे काय केलं?"

"गळा मोकळा केला." हे मास्तरांनी कित्येक नवशिक्यांना शिकवलं होतं. "यंत्राच्या गळ्यात मूठभर मांस अडकून राहतं. वरून पावाचा तुकडा घालून ते बाहेर ढकलायचं. पाव मिसळलेला असतो, म्हणून ते विकत नाही आम्ही. विकायचं नाही, म्हणून वहीतही नसतं. ते मी घरी..."

मास्तरांनी वही मिटली.

मावशींनी तोंडाला पदर लावला.

रविवारी डॉक्टरांनी विचारलं होतं, बाहेरचं काही खाल्लं होतं का? मास्तर जवळजवळ रागावूनच म्हणाले होते, छे, सगळं माझ्या हातचं. गुरुवारी ताटली वाजवत नात ओट्याशी उभी होती. आजोबा, झालं का, आजोबा, झालं का. त्यांनी खिम्याचे गोळे घाईने तव्यावरून उतरवले होते. आतून जरा लालसरच होते.

"आधी दवाखान्यात फोन करा," तपासनीस बाई म्हणाल्या. "डॉक्टरांना हे आत्ता कळायला हवं."

फोन मास्तरांच्या मुलीने उचलला. "बाबा, आत्ताच डोळा लागलाय तिचा."

"डॉक्टरांना सांग, खिम्यातून झालंय. खोक्याचा नंबर लिहून घे. सात, एक, चार."

"कुठला खिमा? आपण विकतचा खिमा कधी आणतो?"

"विकतचा नाही, बाळा. मी आणलेला."

 पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

मास्तरांनी हात धुतले, पुसले. मावशींची यादी ओढून घेतली आणि शेवटच्या ओळीखाली त्याच मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: त्रेचाळीस. मूठभर. 'कोणाकडे' या रकान्यात लिहिलं: नात.

शेजारचा रकाना होता, 'परत आलं का?' त्यात वरपासून खालपर्यंत बेचाळीस खुणा होत्या. मास्तरांनी तिथे पेन टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. कागदावर शाईचा ठिपका मोठा होत गेला.