कुठलं सोलमे?

बे जोंगदू तान्हा असतानाच त्याची आई गेली आणि लढाईत घरातली कागदपत्रंही जळाली. सासरी सगळे तिला माहेरच्या गावावरून ‘सोलमेवाली’ म्हणत, एवढंच मागे उरलं. सोलमे नावाची गावं कोरियात पुष्कळ. पण तिच्या माहेरून खारवलेली कोळंबी यायची, असं काकू सांगे. तेवढ्या धाग्यावर सत्तरीतल्या जोंगदूने तालुक्या-जिल्ह्यासकट नेमकं किनाऱ्यावरचं सोलमे शोधून काढलं.

“मी सोलमेवालीचा मुलगा. माझ्या आजोळचं कुणी भेटेल का?” गावच्या मंडपात बसलेल्या म्हाताऱ्याला त्याने विचारलं.

म्हाताऱ्याने सरकून त्याला शेजारी जागा करून दिली.

 

“अहो दादा, इथून सासरी गेलेली प्रत्येक लेक सोलमेवालीच. आईचं नाव सांगा ना.”