मंद चालणारं इंजिन

"बॅटरी दिवाळीत नवी घातली होती, रौफभाई. मग वायरलेस बंद कसा पडला?" इंजिनं दुरुस्त करणाऱ्या रौफभाईंना तिने विचारलं.

त्या दुपारी वादळाचा इशारा वायरलेसवर आला आणि बाकीच्या होड्या बंदरात परतल्या. तिच्या नवऱ्याची तेवढी आली नाही. तिसऱ्या दिवशी ती रिकामीच वाहत सापडली. इंजिन मात्र शाबूत होतं.

रौफभाईंनी ते गॅरेजातल्या पाण्याच्या पिंपावर बसवून सुरू केलं आणि बॅटरीला मीटर लावला. इंजिनाचा वेग वाढवला तसा आकडा साडेतेरा व्होल्टवर गेला. चार्जिंग ठीक होतं. मग त्यांनी इंजिन मंद केलं आणि वायरलेस लावला. आकडा बारावर आला, तिथून आणखी उतरत राहिला. मंद इंजिन बॅटरी भरतच नव्हतं.

"होडी कशी हाकायचा तो?" त्यांनी विचारलं.

"हळूच की! जाताना, येताना, जाळं टाकताना, दिवसभर. पोरं चिडवायची, बैलगाडी आली म्हणून. तर हे तुमचंच नाव सांगायचे. रौफभाई म्हणालेत, मंद चालव, तेल वाचेल."

रौफभाईंनी इंजिन बंद केलं.

"काय निघालं?"

"इंजिनात काही दोष नाही, वहिनी."

"म्हणजे यांचंच काहीतरी चुकलं," असं म्हणून ती पदर सावरत उठली. "बरं झालं, कळलं तरी."

मीटरची वायर हातात तशीच धरून रौफभाई म्हणाले, "बसा, वहिनी."