डोंगरापलीकडची श्रोती

"सर, पॉवर जरा वाढवा ना! डोंगरापलीकडे आईच्या रेडिओवर नुसती खरखर येते," माईकसमोर बसत रसिला म्हणाली.

निकम सरांनी मान हलवली. "गावच्या रेडिओ केंद्राला परवानाच एवढ्या पॉवरचा आहे. वाढवली तर केंद्र बंद होईल. मग कुणाला ऐकवशील?"

हिरमुसल्या आवाजात बाजारभाव सांगून तिने श्रोत्यांचा पहिला फोन घेतला.

"ऐकतेय गं!" आई धापा टाकत होती. "शेळ्या घेऊन डोंगरावर चढलेय. इथं स्वच्छ येतंय. पण अशी रडवेली का बोलतेस? अगं बाई, माझ्या रेडिओत ही माझ्यासारखी कोण बोलतेय?"

आवाज घुमू नये म्हणून फोन करणाऱ्याला रेडिओ बंद करायला सांगायचं असतं. काचेपलीकडून सर तेच खुणावत होते.

रसिलाने तिकडे पाहिलंच नाही. "तूच गं, आई. बोल अजून."